नदीत गळ टाकायला बंदी घालायची, तर आधी काय मोजायचं?

पवनेत किंवा इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच दिसला की ठरलेला क्रम सुरू होतो. बातमी येते, पाण्याचे नमुने घेतले जातात, आणि कुणीतरी मागणी करतं की निदान काही महिने तरी नदीत मासे धरायला बंदी घाला. मागणीमागची कळकळ खरी असते. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर तुमच्या डोक्यात लगेच पुढचे प्रश्न यायला हवेत. या पट्ट्यात गळ टाकणारे लोक किती? ते महिन्याला किती मासे काढतात? कोणत्या जातीचे, केवढे? आणि बंदीनंतर मासे वाढले की नाही, हे आपण कशावरून ठरवणार?

आज मला याच प्रश्नांबद्दल लिहायचं आहे. मत्स्यशास्त्र हा तुमचा विषय नसला तरी हरकत नाही. एखादी गोष्ट बंद करावी की नाही, हे आकड्यांवरून ठरवायचं असेल तर आकडे कसे गोळा करायचे, हा प्रश्न सगळ्याच शास्त्रांत येतो.

समुद्राला हिशेब आहे, नदीला नाही

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे आपल्याला माहीत आहे. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. ही बंदी नेमकी किती उपयोगी पडते यावर वाद होतात, पण वाद घालायला हातात आकडे तरी असतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं ठरवून दिलेल्या दिवशी ठरवून दिलेल्या बंदरावर जातात, उतरलेल्या बोटींपैकी काही बोटी निवडतात, त्यातला माल जातीनुसार नोंदवतात आणि त्यावरून महिन्याचा अंदाज काढतात. सगळ्या बोटी मोजणं शक्य नसतं, म्हणून नमुना निवडण्याची पद्धत पक्की केलेली आहे.

नदीवर असं बंदरच नसतं. धरणांच्या जलाशयात मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांना दिले जातात, त्यामुळे कटला, रोहू, मृगळ असे बाजारात जाणारे मासे निदान कागदावर येतात. पण रावेतच्या बंधाऱ्याखाली किंवा मोशी-चिखलीच्या बाजूला इंद्रायणीकाठी जो माणूस सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसतो आणि संध्याकाळी पिशवीत चार चिलापी घेऊन घरी जातो, तो कुठल्याच वहीत येत नाही. तो मासे विकत नाही, त्याला परवाना नाही, त्याचा काठ ठरलेला नाही.

मग आपल्याकडे काय आहे? याद्या आहेत, आणि चांगल्या आहेत. कर्नल साइक्सने १८३०च्या दशकाच्या शेवटी दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, हा त्याने मुळा-मुठेतल्या माशावरून वर्णिला. म्हणजे पवना जिला जाऊन मिळते त्याच नदीतला. पुढे पुण्यातल्या संशोधकांनी जुन्या याद्या हातात घेऊन त्याच नद्या पुन्हा धुंडाळल्या. इंद्रायणीच्या माशांवर २०१२ साली सविस्तर निबंध आला आणि त्यात पन्नासहून जास्त जाती नोंदल्या गेल्या. पण यादीतून एवढंच कळतं की ही जात या नदीत सापडली. ती किती आहे, वाढते आहे की कमी होते आहे, तिला गळाने किती धरलं जातं, हे यादीतून कळत नाही. बंदीचा निर्णय याच दुसऱ्या प्रकारच्या माहितीवर उभा राहायला हवा.

कावेरीत काय झालं

अशी माहिती असली की काय दिसतं, याचं आपल्या देशातलं सगळ्यात चांगलं उदाहरण कावेरीचं आहे. आणि त्याचा एक धागा आपल्या लोणावळ्यापर्यंत येतो.

कर्नाटकात कावेरीकाठी हौशी मासेमारांच्या छावण्या चालत. देशविदेशातून लोक महाशीर धरायला यायचे. नियम असा की मासा धरायचा, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. गलिबोर इथल्या छावणीत याची नोंद ठेवली जात होती: कोणत्या दिवशी किती तास गळ टाकला, किती मासे लागले, कोणत्या प्रकारचे, किती किलोचे. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. तेवीस हजारांहून जास्त तासांची मासेमारी आणि सहा हजारांहून जास्त महाशीर, एवढा तो साठा होता. कुठल्याही प्रयोगशाळेला स्वतःच्या खर्चाने असा साठा उभा करणं परवडलं नसतं.

सगळे मासे एकत्र मोजले तर चित्र छान होतं. दर तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत होती. पण नोंदीत दोन प्रकार वेगळे लिहिलेले होते, निळ्या पंखांचा महाशीर आणि पाठीला कुबड असलेला मूळ कावेरीचा महाशीर. ते वेगळे काढल्यावर गोष्ट उलटली. वाढ सगळी निळ्या पंखांच्या महाशिराची होती. कुबडवाला दुर्मीळ होत चालला होता, आणि जे थोडे लागत होते ते वर्षागणिक मोठे मोठे होत होते. मोठा मासा लागला की गळवाला खूश होतो. संशोधकाने मात्र घाबरायला हवं, कारण फक्त म्हातारे मासे उरलेत आणि नवी पिल्लं त्यांच्यात येऊन मिळत नाहीत, असा त्याचा अर्थ निघतो.

निळ्या पंखांचा महाशीर कावेरीत आला कुठून? लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटांचं महाशीर बीज केंद्र आहे. १९७०च्या दशकापासून तिथे टॉर खुद्रीची कृत्रिम पैदास होते. तिथलं बीज देशातल्या अनेक नद्यांत आणि धरणांत सोडलं गेलं, आणि कावेरीतल्या या माशाचं मूळही संशोधक तिथेच शोधतात. हेतू संवर्धनाचाच होता. पण आपल्या नदीतला मासा दुसऱ्याच्या नदीत गेला, तिथे फोफावला, आणि तिथल्या मूळ माशावर त्याचा भार पडला.

आता बंदीकडे येऊ. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणं हीसुद्धा वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकारच, असा अर्थ लावला गेला आणि २०१२मध्ये कावेरीवरच्या या छावण्यांतली मासेमारी थांबली. त्याबरोबर नोंदीही थांबल्या. कुबडवाल्या महाशिराला टॉर रेमादेवी हे शास्त्रीय नाव २०१८ साली पक्कं जोडलं गेलं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. ज्या साधनामुळे तो कमी होतोय हे समजलं, ते साधन त्याआधी सहा वर्षं बंद पडलं होतं.

यावरून बंदी चूक होती असं म्हणता येत नाही. अभयारण्यात मासेमारी असावी की नसावी, हा कायद्याचा आणि मूल्यांचा प्रश्न आहे. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की बंदी घालताना नोंदीची दुसरी सोय केली नाही, तर बंदीचा परिणाम तपासण्याचा मार्गही बंद होतो.

मासे मोजण्याआधी तास मोजा

समजा, तुम्ही थेरगावजवळ पवनेकाठी उभे आहात. एक जण सांगतो, "आज पाच मासे लागले." दुसरा सांगतो, "मला दोनच." दुसऱ्याची जागा वाईट म्हणायची का? पहिला सकाळपासून दहा तास बसला असेल आणि दुसरा दोन तास, तर पहिल्याचा दर तासाला अर्धा मासा आणि दुसऱ्याचा तासाला एक. म्हणून नुसत्या माशांच्या संख्येला अर्थ नाही. सोबत प्रयत्न लिहिलाच पाहिजे: किती माणसं, किती तास, किती गळ. आपल्याकडे एकाच माणसाने तीन-तीन गळ लावून ठेवलेले असतात, त्यामुळे माणूस-तास आणि गळ-तास हे दोन्ही वेगळे लिहा.

एकूण पकड काढायची रीत त्यावरून निघते. ठरावीक पट्ट्यात वेगवेगळ्या वेळी फेरी मारून गळवाले मोजायचे. समजा, सरासरी सहा जण दिसले, मासेमारीचा दिवस बारा तासांचा धरला आणि महिना तीस दिवसांचा. सहा गुणिले बारा गुणिले तीस, म्हणजे २१६० माणूस-तास. मुलाखतींवरून दर निघाला तासाला पाव मासा. मग महिन्याची पकड ५४० मासे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, पण गणित खरोखर एवढंच असतं. अवघड भाग आहे तो दर नीट काढण्याचा.

दोन माणसं घ्या. एकाने अर्ध्या तासात एक मासा धरला, दुसऱ्याने पाच तासांत एक. प्रत्येकाचा दर वेगळा काढून सरासरी घेतली तर: दोन आणि ०.२, सरासरी १.१. सगळे मासे भागिले सगळे तास केलं तर: दोन भागिले साडेपाच, म्हणजे साधारण ०.३६. तिप्पट फरक! लोक मासेमारी संपवून घरी निघालेत तेव्हा मुलाखत घेतली असेल, तर दुसरी पद्धत वापरतात. मध्येच फेरी मारून मुलाखत घेतली असेल, तर पहिली वापरतात, पण अगदी थोडा वेळ बसलेल्यांना वगळून. कारण मध्ये फेरी मारताना जास्त वेळ बसणारा माणूस भेटण्याची शक्यता मुळातच जास्त असते. कोणती पद्धत का वापरली, हे प्रबंधात एका वाक्यात तरी लिहा. मार्गदर्शक नाही तर परीक्षक विचारणारच.

आणि शून्य लिहा. ज्याला काहीच लागलं नाही तो सांगायला लाजतो, आणि नोंदणाराही "काही नाही ना, जाऊ द्या" म्हणून पुढे जातो. ही शून्यं गळाली की दर आपोआप फुगतो आणि नदी आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते.

गुरुवार विसरू नका

परदेशी पाठ्यपुस्तकात नमुना निवडताना दिवसांचे दोन गट करायला सांगतात, कामाचे दिवस आणि शनिवार-रविवार. सुट्टीला गर्दी जास्त, म्हणून सुट्टीचे दिवस जास्त घ्यायचे. हा आराखडा जसाच्या तसा पिंपरी-भोसरीत आणला तर फसेल. इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवार तुम्ही 'कामाचा दिवस' या गटात टाकलात आणि त्या गटातून महिन्याला दोनच दिवस निवडलेत, तर योगायोगाने गुरुवार आला की आकडा फुगणार, नाही आला की कोसळणार. त्यामुळे इथे निदान तीन गट हवेत: रविवार, गुरुवार आणि बाकीचे दिवस. पाळ्यांचंही तसंच. पहिली पाळी दुपारी सुटते, म्हणून फक्त सकाळी फेरी मारणाऱ्याला कामगार गळवाला दिसणारच नाही. चाकणच्या बाजूला भामा नदीवर काम करणार असाल, तर तिथल्या कारखान्यांच्या सुट्ट्या आणि पाळ्या आधी विचारून घ्या. एका आठवड्याच्या प्राथमिक पाहणीत हे सगळं कळतं.

प्रश्नांचा क्रमसुद्धा आकडा बदलतो

काठावर न जाता लोकांना फोनवर किंवा पत्राने विचारलं तर? अमेरिकेत समुद्रकिनाऱ्यावरच्या हौशी मासेमारीचा अंदाज असाच काढतात आणि त्यावरून हंगाम किती दिवस उघडा ठेवायचा हे ठरतं. मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर या माशाचा हौशी हंगाम २०१७ साली केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्यात खासगी बोटींसाठी आधी फक्त ३ दिवसांचा जाहीर झाला होता. ओरड झाल्यावर तो ३९ दिवसांनी वाढवला गेला. तिथे आकड्याचं वजन किती, ते यावरून लक्षात येईल.

या अंदाजासाठी घरोघरी टपालाने प्रश्नावली जाते. त्यात आधी गेल्या दोन महिन्यांत किती वेळा मासेमारीला गेलात असं विचारत आणि मग गेल्या बारा महिन्यांचं. २०२३मध्ये एका प्राथमिक अभ्यासाचा निष्कर्ष जाहीर झाला: हा क्रम उलटा केला की काठावरून आणि खासगी बोटीतून होणाऱ्या मासेमारीचा अंदाज साधारण ३० ते ४० टक्क्यांनी कमी येतो. लोक तेच, मासे तेच, फक्त प्रश्नांची जागा बदलली. तेव्हा तुमच्या प्रश्नावलीची चाचणी आधी पंधरा-वीस जणांवर घ्या, आणि निम्म्यांना क्रम बदलून विचारून बघा.

बंदी तपासायची कशी

आपल्याकडे नदीच्या बंदीसाठी सगळ्यात पटणारं कारण म्हणजे चढणीचे मासे. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्या-नाल्यांना पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ते धरायला सोपे असतात. मावळात हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. मग जून-जुलैत नदीलाही बंदी का नको? कदाचित हवी. पण वर्षभराच्या पकडीपैकी त्या आठवड्यांत किती होते, त्यातले अंड्यांवर आलेले किती आणि कोणत्या जातीचे, हे माहीत असेल तरच ती पाच आठवड्यांची असावी की दहा, सगळ्या नदीवर असावी की ठरावीक ओढ्यांच्या तोंडाशी, हे सांगता येईल.

परिणाम तपासायला दोन तुलना एकाच वेळी लागतात: बंदीच्या आधी आणि नंतर, तसंच बंदी असलेला पट्टा आणि नसलेला पट्टा. फक्त आधी-नंतर पाहिलं तर चांगल्या पावसाचं श्रेय बंदीला जाईल. फक्त दोन पट्टे पाहिले तर मुळातच चांगला असलेला पट्टा बंदीमुळे सुधारला असं वाटेल. इंद्रायणीवर आपल्याला एक तयार 'बंद' पट्टा मिळतो, तो देहूचा घाट. तिथले मासे देवाचे मानले जातात, लोक त्यांना खायला घालतात, धरत नाहीत. तुलनेला तो उपयोगी आहे, पण सावधपणे. तिथे मासे जास्त दिसले तर ते न धरल्यामुळे की रोज मिळणाऱ्या खाऊमुळे, हे वेगळं काढावं लागेल. म्हणून असा एकच पट्टा पुरत नाही.

मासे मरण्याच्या घटनांतही ही नोंद कामाला येते. पाण्यातला प्राणवायू संपला किंवा विषारी पाणी आलं, तर सहसा एकाच वेळी अनेक जाती आणि लहानमोठे सगळे मरतात. गळाची मासेमारी जास्त झाली तर आधी मोठे मासे कमी होत जातात, आणि तेही हळूहळू. तुमच्याकडे दोन वर्षांच्या लांबीच्या नोंदी असतील तर हा फरक दिसेल. नसतील, तर सांडपाण्याचा दोष गळवाल्याच्या माथी मारणं फार सोपं आहे.

काठावरचा माणूस

'हौशी' हा शब्दही इथे जपून वापरा. कावेरीच्या छावणीतला पाहुणा पैसे मोजून यायचा आणि मासा सोडून द्यायचा. पवनेकाठचा कंत्राटी कामगार वेळ घालवायलाच येतो, पण मासा घरी नेतो आणि त्या रात्री घरात कालवण होतं. कातकरी कुटुंबासाठी तोच मासा रोजचं अन्न असू शकतो. बंदीचा कागद तिघांना एकच मानेल. तुमच्या तक्त्यात मात्र एक रकाना असू द्या: मासा सोडला, घरी नेला, की विकला. या एका रकान्यातून बंदीचा फटका कुणाला बसेल ते समजतं. शिवाय कारखान्यांखालच्या पाण्यातला मासा किती घरांत खाल्ला जातो, हा आरोग्याचा प्रश्नही त्यातूनच पुढे विचारता येतो.

नाव आणि फोन नंबर विचारू नका. गळ्यात ओळखपत्र असेल तर आधी सांगा की तुम्ही विद्यार्थी आहात, दंड करणाऱ्या खात्याचे नाही. माशाची लांबी मोजायची परवानगी मागा, फोटोत मासा आणि मोजपट्टी घ्या, माणूस नको. जात ओळखता आली नाही तर स्थानिक नाव जसं ऐकलं तसं लिहा, फोटोवरून नंतर जुळवता येईल.

सुरुवातीला एक पानाचा तक्ता पुरे: तारीख, वार, वेळ, जागा, माणसं, गळ, किती वेळ झाला, मासे जातीनुसार, लांबी, शून्य असेल तर शून्य, आणि माशाचं पुढे काय झालं. दोन किलोमीटरचा एकच पट्टा घ्या आणि तो वर्षभर सोडू नका. उद्या तिथे बंदी आली तरी फेऱ्या चालूच ठेवा. गळवाले नसतील तर तक्त्यात माणसांच्या रकान्यात शून्य लिहा, आणि माशांची पाहणी परवानगी घेऊन स्वतः करा. बंदीने काय साधलं हे विचारायची वेळ येईल, तेव्हा तेवढ्या एका पट्ट्यापुरतं तरी उत्तर तुमच्या वहीत असेल.